शेडमधली चूल

व्याह्यांकडून निघताना पाहुण्यांच्या गाडीची डिकी रिकामी जाऊ द्यायची नाही, ही रीत आयर्लंडमध्येही आहे, हे आमच्या होणाऱ्या व्याह्यांच्या घरी जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. डब्लिनजवळच्या नास गावाच्या पलीकडे त्यांचं शेत आहे. नाताळ होऊन गेल्यावर मी आणि बायको त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो. मुलगीही तिथेच होती. चहा झाला, गोठा पाहून झाला, आणि निघताना व्याही स्वतः डिकी उघडून उभे राहिले. बटाट्यांची गोणी, विहीणबाईंनी घरी केलेल्या जॅमच्या बरण्या आणि तपकिरी कागदात बांधलेलं एक जड पुडकं.

"ब्रिस्केट," ते म्हणाले. "आमच्याच शेतावरचं. दुकानात असं मिळायचं नाही."

म्हणजे गुराच्या छातीचं मांस. आम्ही ते खात नाही. आमची मुलगी चार वर्षांची असताना इथे आली, इथेच शिकली, मैत्रिणींबरोबर सगळं खात वाढली. व्याह्यांच्या टेबलावरही ती आवडीने खाते. त्यावरून त्यांनी आमचा अंदाज बांधला, यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी मुलीकडे पाहिलं. ती स्वतःच्या बुटांकडे पाहत होती. तिने ही गोष्ट त्यांना कधी सांगितलीच नव्हती. बायको "थँक यू सो मच" म्हणाली आणि डिकी लागली.

घराकडे, कॉर्कच्या रस्त्याला लागल्यावर बायकोने विचारलं, "आता याचं काय करायचं?"

"व्याह्यांनी दिलेलं टाकता येत नाही."

"टाकायचं नाहीच. पण खायचंही नाही. मग उरलं काय?"

"त्यांना जेवायला बोलवायचं आणि त्यांनाच करून घालायचं."

बायको हसायला लागली. "म्हणजे आहेरात आलेली साडी परत त्यांच्याच आहेरात!"

"आपल्यात चालतंच की."

"चालतं, पण घडी तरी बदलतो हो आपण."

पुडकं फ्रीझरमध्ये गेलं. आमचा मोठा फ्रीझर मागच्या अंगणातल्या लाकडी शेडमध्ये आहे. गवत कापायचं मशीन, जुन्या सायकली आणि रंगाचे डबे यांच्या शेजारी. तो तिथे का आहे, हे सांगायचं तर माझ्या आईपासून सुरुवात करावी लागेल.

आई बार्शीला असते. एक वर्षाआड ती आमच्याकडे येते आणि व्हिसा असेल तेवढे दिवस राहते. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी मांस खाल्लेलं नाही. माझ्या वडिलांकडे मात्र खात. त्या दोघांनी लग्नानंतर यावर जी तडजोड काढली, तिच्यावर आमचं घर चाळीस वर्षं चाललं. घरात शिजवायचं नाही. परसात, लिंबाच्या झाडाखाली तीन दगडांची चूल, बाहेरच्या खिळ्याला अडकवलेलं एक जर्मनचं भगुलं, एक पळी. ती भांडी उंबऱ्याच्या आत कधी आली नाहीत. वडील डाळमिलमध्ये हमाली करायचे. महिन्यातून एखादा रविवार ते त्या चुलीपुढे उकिडवे बसत आणि आई उंबऱ्यात बसे. काळं तिखट तिनेच कुटलेलं असे, वाटणही तीच वाटून देई. तिथूनच वास घेऊन ती सांगायची, "मीठ कमी पडलंय, बघा." वडील चाखून बघायचे आणि मुकाट्याने चिमूटभर घालायचे. जे तिने आयुष्यात जिभेवर ठेवलं नाही, त्याची चव तिच्या नाकाला पाठ होती.

पण त्या पंगतीत आई कधी बसली नाही.

मी बी.एस्सी. झालो तो रविवार मला आठवतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं तोवर कुणी नव्हतं. वडिलांनी परसात मटण केलं आणि मला शिकवलेल्या तीन सरांना जेवायला बोलावलं. त्यातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी मला स्वतःच्या घरी बसवून शिकवलं होतं. आज मी जिथे आहे तिथे त्यांच्यामुळे आहे, हे लिहिताना मला अजिबात अतिशयोक्ती वाटत नाही. अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. आई उंबऱ्याच्या आत भाकरी थापत होती आणि ताटात घालून पुढे सरकवत होती. सर म्हणाले, "वहिनी, मुलगा तुमचाही पास झालाय. तुम्हीही बसा की."

"बसते की," आई म्हणाली. आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

तर आई कॉर्कला आली की तिची तडजोडही तिच्याबरोबर येते. ती असेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा फुटत नाही. मला चिकनची तलफ आली तर मी शेडमध्ये जातो. तिथे विजेवर चालणारा एक स्लो कुकर ठेवलेला आहे. मातीचं खोल भांडं आणि खाली मंद आच. शेडमध्ये प्लग एकच आणि तो फ्रीझरला लागतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या किटलीशेजारच्या प्लगमधून लांब वायर खिडकीतून बाहेर काढतो. बायको म्हणते, "सासरेबुवांची चूल सात समुद्र ओलांडून आली."

या वेळी आई मार्चमध्ये आली, साखरपुड्यासाठी. त्याच्या आधीच्या रविवारी व्याही आणि विहीणबाई आमच्याकडे जेवायला येणार होते. घरातलं सगळ्यात मोठं माणूस आलंय, तर त्यांना भेटायचं, अशी त्यांची इच्छा होती. मी ब्रिस्केटचा बेत पक्का केला, पण आईपासून लपवून करायचं नाही, हेही ठरवलं. चहा पिताना तिला सांगितलं.

ती थोडा वेळ बशीत फुंकर मारत राहिली. मग म्हणाली, "त्येंच्याच घरचं हाय?"

"हो. त्यांच्याच गोठ्यातलं."

"म्हंजी त्येंनी पाळलेलं."

"हो."

"आन तुला दिलं."

"हो."

"मग घाल करून त्येंचं त्येंला. बाहीरच्या बाहीर कर." तिने बशी खाली ठेवली. "म्या माझं आधीच जेवून घीन. तुमी बसा मागनं."

मला यात काही नवं नव्हतं. पण संध्याकाळी फोनवर मुलीला हे सांगितलं, तेव्हा ती गप्प झाली. ती डब्लिनला ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. माणसं बोलायची थांबली की धीर धरायची तिला सवय आहे. या वेळी मात्र मलाच धीर धरावा लागला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर ती इंग्रजीतच देते. ती जे म्हणाली त्याचा अर्थ असा: मी त्या घरात जाणार आहे. आजी त्यांच्याबरोबर एका टेबलाला बसणार नसेल, तर लग्नानंतर आजी आली की मी कुठे बसायचं? दर वेळी आजी आधी आणि बाकीचे नंतर?

"अगं, आजीचं तसं काही नसतं मनात. ती आजोबांबरोबरही बसली नाही कधी."

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "दॅट्स वॉट आय मीन."

त्यानंतर माझ्यासाठी त्या रविवारचं एकच काम उरलं. मांस कसं होईल ते होवो, आई टेबलाला बसायला हवी. पण आईला "बस" म्हणून ती बसत नाही, हे मला बी.एस्सी.पासून माहीत होतं.

विहीणबाईंनी कृती व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या आवाजात पाठवली. आदल्या दिवशी मीठ आणि मिरपूड चोळून ठेवा. सकाळी चारी बाजूंनी लालसर परता. खाली कांदे आणि गाजरं, वर मांस, चरबीची बाजू वर. थोडं पाणी, थोडी काळी बिअर. झाकण लावा. "आणि मग," त्या म्हणाल्या, "त्याला विसरून जा. सारखं झाकण उघडून बघणारा माणूस ब्रिस्केट करू शकत नाही."

मी रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात काम करतो. सांगितलेल्या कृतीत बदल करायचा नाही आणि बनवतो ते कधी चाखायचं नाही, या दोन्ही गोष्टी माझ्या अंगवळणी पडलेल्या आहेत. तेव्हा मला ही कृती एकदम पसंत पडली. रविवारी उजाडायच्या आत मी शेडमध्ये कॅम्पिंगच्या गॅसवर मांस परतलं, कांद्यांवर ठेवलं, झाकण लावलं, स्वयंपाकघरातलं बटण दाबलं, कुकरचा लाल दिवा लागल्याची खात्री केली. आणि विसरून गेलो. अंघोळ केली, टेबल मोठं केलं, शेजाऱ्यांकडून दोन खुर्च्या आणल्या.

मी ज्याचा विचार केला नव्हता, ते म्हणजे आईचा उजवा हात.

आई खोलीतून बाहेर पडताना बटणं बंद करते. दिव्याचं, पंख्याचं, टीव्हीचं, आणि त्या सगळ्यांच्या मागचं भिंतीवरचंही. बार्शीला ती रात्री फ्रिजही बंद करायची, "त्यो बी झोपू दे" म्हणून. इथे इंटरनेटच्या डब्याचं बटण ती इतक्यांदा बंद करायची, की बायकोने त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. त्या सकाळी आई उठली, स्वतःचा चहा केला, देवांना दिवा लावला, किटलीचं बटण बंद केलं. आणि शेजारचंही.

दहा वाजता मी शेडमध्ये पक्कड आणायला गेलो. वास नव्हता. कुकरचा दिवा नव्हता. भांड्याला हात लावला तर गार. झाकण काढून थर्मामीटर खुपसला. फ्रिजमधून काढलेल्या वस्तूइतकं थंड. सुदैव एवढंच, की भांडं तापायच्या आतच बंद पडलं होतं आणि रात्रीच्या थंडीने शेडचाच फ्रिज झाला होता. मांस बिघडलेलं नव्हतं. फक्त कच्चं होतं. आणि पाच वाजता पाहुणे.

मी स्वयंपाकघरात आलो. आई पुरणाची डाळ चाळणीवर निथळत ठेवत होती, बायको कणीक तिंबत होती. मी भिंतीकडे पाहिलं. माझ्या नजरेमागोमाग आईनेही पाहिलं.

"ते बटण कुणी..." बायको म्हणाली आणि मधेच थांबली.

"म्या," आई म्हणाली. "किटलीचं म्हणून केलं. कशाचं हुतं ते?"

मी सांगितलं. स्लो कुकरमध्ये आता वेळेत होणार नाही, हेही सांगितलं. चूक कुणाची हे कुणीच बोललं नाही. बायको म्हणाली, "जाऊ द्या. बाहेरून काहीतरी मागवू. त्यांना म्हणू, पुढच्या वेळी."

आई हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला, हे तिच्या बाबतीत कधी होत नाही. मग हात पुसत ती वळली.

"कुठून येणार हायती ती मानसं?"

"नास. अडीच-तीन तासांचा रस्ता आहे."

"एवढ्या लांबनं येणार, आन म्या त्येंची चूल विझिवली."

"आई, चूल कसली, बटण होतं," मी म्हणालो.

"चूलच ती. पेटलेली हुती न्हवं? त्येंच्या नावानं पेटलेली हुती." आमच्याकडे दुसऱ्याच्या चुलीवर पाणी पडणं फार वाईट समजतात. लहानपणी आम्ही खेळताना चुलीवर पाणी सांडलं, तर आई आधी चुलीला हळद-कुंकू लावायची आणि मग आम्हाला मारायची. "आता दुसरी पेटवायची तर कशावर पेटतीया?"

मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. घरात आता एकच गोष्ट होती जिच्यात ते मांस वेळेवर शिजलं असतं. स्वयंपाकघरातला ओव्हन. ज्यात बायको नानकटाई करते आणि ज्याच्या डोक्यावरच्या कपाटात, इथे ज्याला सगळे प्रेस म्हणतात त्यात, आमचे देव आहेत.

आई मला जन्मापासून ओळखते.

"ह्यात व्हतंय का?" तिने ओव्हनकडे बोट केलं.

"होतं. पण आई..."

"मग आत आण की."

"आई, अहो, इथे?" बायको म्हणाली. "तुम्हाला वास सहन व्हायचा नाही. मागवू ना आपण बाहेरून."

"बाहीरनं आणून घालाय ती काय वाटंवरली मानसं हायती का? सोयरं हायती." आईने पदर खोचला. "ओव्हन काय, घासता येतंय. तू आधी देव दे मला. त्येंला वरती नेते."

पुढची पंधरा मिनिटं आमच्या घरात जी धावपळ झाली, ती आठवून मला अजून हसू येतं. देव वर न्यायचे, पण ठेवायचे कुठे? आमच्या खोलीत पसारा, तिच्या खोलीत औषधं आणि बाम. आईने जिन्यावरचं एक दार उघडलं आणि आत डोकावून म्हणाली, "हितं." ते इथल्या घरांतलं हॉट प्रेस होतं; गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, ज्यात टॉवेल आणि चादरी कोमट राहतात. आईने एका फळीवरचे टॉवेल हलवले, धुतलेलं वस्त्र अंथरलं आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबा एकेक करून मांडले.

"बरं झालं," ती म्हणाली. "आल्यापास्नं म्हणत हुते, देव गारठल्यात."

खाली येऊन तिने मला विचारलं, "ह्याचं बटण कुठलं?" मी ओव्हनची गोल कळ दाखवली. तिने ती स्वतः फिरवली. आतला दिवा लागला तशी ती वाकून काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, "जा, आण आता." मी भांडं घेऊन आत आलो तेव्हा ती बाजूला झाली, भांड्याला शिवली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. पण बाहेरही गेली नाही.

दुपारपर्यंत घरात वास भरला. कांदा, चरबी, काळी बिअर यांचा तो जड, गोडसर वास. बायको सगळ्या खिडक्या उघडत फिरत होती आणि घर गार करून ठेवत होती. आई पुरण वाटत होती. मी तिला विचारलं, अगदी लहानपणी वडील विचारायचे तसं, "काय गं, मीठ बरोबर आहे का?"

तिने एकदा श्वास आत घेतला आणि मान हलवली. "न्हाय रं. ह्याचं मला काय बी कळत न्हाय. तुझ्या बापाचं कळायचं."

मुलगी दुपारी पोचली, आपल्या आई-वडिलांना घेऊन येणाऱ्या तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या दोन तास आधी. दारातच थांबून तिने नाक वर केलं. "बाबा, इज दॅट... इन द हाउस?" मी बटणाची हकिकत सांगितली. ती सरळ आजीकडे गेली आणि पिठाच्या हातांसकट तिला मिठी मारून उभी राहिली. "सोड, सोड, कोटाला पीठ लागंल," आजी म्हणत होती. मग घरात चाखू शकणारं एकमेव माणूस म्हणून मी मुलीला ओव्हनपाशी नेलं. तिने काट्याने एक तुकडा ओढला. तो धाग्यासारखा सुटून आला. तिने खाल्लं, डोळे मिटले.

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत झकास. "इट्स ओन्ली ग्रँड, बाबा."

यावर आईने मला विचारलं, "काय म्हंती?"

"झालंय म्हणते."

"मग तोंड पाडून काय हुबायस?"

मी तोंड पाडलं होतं कारण तीन वाजून गेले होते आणि आईने अजून जेवण केलं नव्हतं. सकाळपासून बायकोने दोनदा ताट वाढलं होतं. "आता नगं," "जरा येळानं." मला कळेना, ती आधी जेवणार आहे की अजिबात जेवणार नाही.

पाहुणे वेळेच्या पाच मिनिटं आधी आले. व्याह्यांनी टाय बांधला होता. तो त्यांच्या मानेला मान्य नव्हता हे दिसत होतं. विहीणबाईंच्या हातात पिवळ्या डॅफोडिलचा गुच्छ आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी गरम. त्यांनी ते फडकं आईच्या हातात दिलं आणि मुलीकडे बघून म्हणाल्या, "तिला सांग, अंडं नाही. फक्त पीठ, ताक आणि सोडा. तू म्हणालीस तसं."

आईने फडकं सोडलं. तपकिरी, गोल, वर कातरी मारलेला सोडा ब्रेड. तिने त्याचा वास घेतला. "ताकातली भाकर हाय की," ती म्हणाली. आणि ती फडक्यासकट घेऊन टेबलाशी गेली, एक खुर्ची ओढली आणि बसली.

आम्ही सगळे उभे होतो. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं.

तिने निवडलेली खुर्ची मी व्याह्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीच्या शेजारची होती. बायकोने आईचं ताट आणलं: वरण-भात, पुरणपोळी, बटाट्याची भाजी, वर तुपाची वाटी. ब्रिस्केटचं भांडं मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, व्याह्यांच्या मुलापाशी ठेवलं. तो कापून वाढत होता. व्याही आईच्या शेजारी बसले आणि दोघांमध्ये मुलगी दुभाषी म्हणून उभी राहिली; आजीचं ती इंग्रजीत सांगे, त्यांचं मी मराठीत.

"तिला विचार," व्याही म्हणाले, "घरी गुरं होती का."

"एक म्हस हुती," आई म्हणाली. "लई मारकुटी. माझ्याबिगर कुणाला दूध काढू द्यायची न्हाय."

व्याह्यांनी मान डोलावली. "आमच्याकडेही आहे अशी एक. मला लाथ मारते, हिला नाही."

"तिला शहाणपण जास्त आहे," विहीणबाई म्हणाल्या.

आईला हे सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. मग तिने विचारलं, "त्येला इचार, पाळलेलं जनावर जाताना वाईट वाटत न्हाय का?"

मुलगी क्षणभर थांबली. मला वाटलं, हे नको विचारायला. पण तिने विचारलं. व्याह्यांनी हातातला काटा फिरवला. "दर वेळी वाटतं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी घरात येत नाही लवकर. गेटपाशी काहीतरी काम काढतो." आईने ते ऐकलं आणि तुपाची वाटी त्यांच्या बाजूला सरकवली.

मग व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, हे माझ्या आईच्या हातासारखं झालंय. मी हसलो. त्यांची नजर माझ्या ताटावर गेली. मग बायकोच्या ताटावर. आमच्या दोघांच्याही ताटात पुरणपोळी होती.

"तुम्ही घेतलं नाही?"

मुलीचे कान लाल झाले. शेवटी मीच सांगितलं, की आम्ही खात नाही, कधीच खाल्लेलं नाही. पण तुम्ही प्रेमाने दिलंत, तर ते तुमच्यासाठी करावं असं वाटलं. व्याह्यांनी काटा ताटात ठेवला. हळू ठेवला, पण ठेवला. विहीणबाईंनीही. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही ते तुमच्या डिकीत टाकलं." त्यांचा चेहरा इतका ओशाळला होता, की मला त्या क्षणी सगळं जेवणच फसलं असं वाटलं. ज्या टेबलासाठी दिवसभर धडपडलो, ते टेबल समोर होतं, सगळी माणसं बसलेली होती, आणि कुणी जेवत नव्हतं.

आईने इकडेतिकडे पाहिलं. "काय झालं गं? ह्यो का थांबला?"

मुलीने सांगितलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने ते मराठीत सांगितलं, अडखळत, चुकत: "आजी, त्यांना आता कळला की आपण नाय खात. त्यांना लाज वाटते."

"लाज कशाची?" आई म्हणाली. "त्येला म्हणावं, मी हाय की बसलेली."

मुलीने ते भाषांतर केलं नाही. तिला ते जमलं नसावं. तेव्हा आईने स्वतःच व्याह्यांकडे वळून, आमच्याकडे पंगत बसल्यावर यजमान जसं म्हणतात तसं, ताटाकडे हात करत म्हटलं, "सावकाश होऊ द्या." आणि त्यांनी आणलेल्या ब्रेडचा तुकडा मोडून, वरणात बुडवून, स्वतःच्या तोंडात घातला आणि त्यांच्याकडे बघत चावत राहिली.

व्याह्यांना शब्द कळले नसतील. त्यांनी आईच्या ताटाकडे पाहिलं, स्वतःच्या ताटाकडे पाहिलं, आणि काटा उचलला.

त्यानंतरचं जेवण खूप वेळ चाललं. ब्रिस्केट संपलं, पुरणपोळ्या संपल्या. विहीणबाईंनी पोळीवर जॅम लावून पाहिला, आणि बायकोच्या मते हा शोध बार्शीपर्यंत पोचायला हवा. व्याह्यांनी टाय सोडून खिशात ठेवला. निघताना मी त्यांच्या गाडीची डिकी उघडून उभा राहिलो आणि त्यात शेंगाचटणीचा डबा, लाडू आणि आईने दिलेलं काळं तिखट ठेवलं.

ते गेल्यावर मी ओव्हनचं भांडं घासत होतो. आई ओट्यापाशी उभी राहून कोरडी ताटं पुसत होती.

"तुझ्या बापानं कधी बस म्हणून म्हटलं न्हाय मला," ती म्हणाली. "त्येला वाटायचं मला इटाळ वाटंल. आन मला वाटायचं, त्येला सांगावं का, मी बी बसते म्हणून." तिने ताट मांडणीत लावलं. "एकदा बसले असते तर काय झालं असतं?"

तिने फडकं वाळत टाकलं, जाता जाता किटलीचं बटण बंद केलं आणि शेजारच्या बटणावर हात नेऊन थांबली.

"ह्याला काय जोडलंय का?"

"नाही, आई. कर बंद."

देव अजून हॉट प्रेसमध्येच आहेत. मी दुसऱ्या दिवशी त्यांना खाली आणायला निघालो तर आई म्हणाली, राहू दे, त्येंला तिथंच बरं वाटतंय. आता सकाळी अंघोळीला जाताना आम्ही आधी हात जोडतो आणि मग टॉवेल काढतो.